चौदा नंबरच्या पिंपाचा खिळा

पकडीनं खिळा ओढला की आधी काहीच होत नाही.
मग सुईएवढी धार, सरळ,
अकरा महिने हिला एकच काम होतं असं वाटावं इतकी सरळ.
डेलोरेस ग्लास धरते. हात थरथरतो तिचा,
थंडीनं, असं ती म्हणते.

डुलुथमध्ये फेब्रुवारी. बाहेर उणे एकवीस.
सरोवर गोदीच्या खांबांपर्यंत गोठलंय,
खनिजाच्या बोटी मार्च संपेपर्यंत हलायच्या नाहीत,
आणि आत, जुन्या टायरच्या दुकानात,
(उन्हाळ्यात अजून भिंतींमधून रबर घमघमतं)
आम्ही तिघं: मी, डेलोरेस
आणि आर्मास किव्हेला,
ज्यानं ही बिअर केली
आणि जो ती पिणार नाही.

एकशे बासष्ट दिवस.
तो कुणाला सांगत नाही आकडा.
शीतखोलीच्या दाराला आतून खडूच्या रेघा आहेत,
पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या.
मी पिंपं धुते, मला सगळं दिसतं.

हे पिंप आधी केंटकीत होतं, पोटात व्हिस्की.
मग हालिस्कोत सहा वर्षं टकिला.
फळीवर कुणा एउलालियोनं आपलं नाव कोरलंय, उलटं,
म्हणजे पिंप आडवं असताना, किंवा एउलालियो.
मग ट्रकनं उत्तरेला, आमच्या दारात.
मी कढत पाणी सोडलं तेव्हा वाफ तोंडावर आली
आणि उपाशीपोटी मला चढली.
लिंबं आर्मासनं किसली. चाळीस किलो, हातानं.
बोटांची सालटी निघाली
पण तेव्हा तो प्यायलेला असायचा सकाळपासून,
त्यामुळे झोंबलेलं त्याला रात्री कळलं.

"सांग," तो म्हणतो.

ग्लास आधी त्याच्या नाकाखाली.
वासाला परवानगी आहे, त्याची त्यानंच दिलेली:
फाटकाशी उभं राहून
विकलेलं घर बघावं तेवढी.

मी घोट घेते.
आधी गहू. भिजवून झाकून ठेवलेल्या पिठाचा मऊपणा,
त्यात धणे, कुणीतरी दुसऱ्या खोलीत भाजलेले.
मग लिंबू, पण रस नाही,
साल. किसणीच्या पात्याला चिकटून राहते ती, हिरवट, कडसर.
आंबटपणा नंतर येतो,
जिभेच्या कडांवरून, बुटांसकट.
लाकूड तुरट आहे, कपात विसरलेल्या चहाच्या पिशवीइतपत.

"आणि?"

आणि घशाच्या अगदी मागे
भाजलेल्या घायपाताचा गर, त्याचा धूर,
मिऱ्याच्या भुग्याएवढी ऊब.
गिळल्यावर ती जात नाही. बसून राहते.

"ती जास्त झालीय का?"
नाव घेत नाही तो तिचं.

डेलोरेस माझ्याकडे बघते.
सप्टेंबरात त्याला गाडीतून बाहेर हिनंच काढलं होतं,
मोडलेला आरसा अजून हिच्या गॅरेजात आहे.
फसलीय म्हणावं, एवढंच तर करायचं होतं.
लाकूड वरचढ झालं म्हणावं,
आंबली, बुरसली, ओतून टाकू म्हणावं.
खोटं माझ्या तोंडात तयार होतं
त्या उबेच्या शेजारीच.

"तू केलेल्यांत सगळ्यात चांगली," मी म्हटलं.

कॉम्प्रेसर सुरू झाला. बंद झाला.
आर्मासनं मान हलवली, दोनदा,
कुणीतरी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी.
मग हातोडीनं खिळा परत बसवला.
एक थेंब राहतोच खिळ्याच्या डोक्यापाशी.
त्यानं तो अंगठ्यानं टिपला,
अंगठ्याकडे पाहिलं,
जीन्सला पुसला.

आणि खडू घेऊन पिंपावर लिहिलं, एउलालियोच्या खाली:
पुढच्या वेळी मीठ चिमूटभर जास्त.

मिठाबद्दल मी अक्षर काढलं नव्हतं.
पुन्हा घोट घेऊन बघितला.
खरंच, चिमूटभर.